कुकरच्या शिट्ट्या आणि ग्रिडमधले ढग: एका न सुटलेल्या प्रश्नाची साठ वर्षं

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरचा फोन आला. एमएस्सी फिजिक्स झालंय, नेट निघालीय, आता पीएचडीच्या मुलाखतींची तयारी चालू आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "ताई, एक विचारू का? काही वर्षांत एक किलोमीटरची ग्लोबल मॉडेल्स सर्रास येणार म्हणतात. मग ढगांच्या पॅरामीटरायझेशनवर पीएचडी करून काय फायदा? डिग्री हातात येईपर्यंत विषयच संपलेला असायचा."

प्रश्न अगदी रास्त आहे. मी फोनवर काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं आणि ते मलाच पटलं नाही. म्हणून हा लेख. मुलाखतीत हा प्रश्न तुम्हालाही येऊ शकतो, आणि त्याचं उत्तर मला तरी इतिहासातच सापडलं.

आधी एक उदाहरण घेऊ, जे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात अजून निघतं. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्यात किती? ७५ मिलिमीटरसुद्धा नाही. दोन वेधशाळांमधलं सरळ रेषेतलं अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. आता हवामानबदलाच्या अभ्यासात वापरतात ती नेहमीची जागतिक मॉडेल्स घ्या. त्यांत पृथ्वीभोवतीची हवा चौकोनी खोक्यांत कापलेली असते आणि एका खोक्याची बाजू साधारण १०० किलोमीटर असते. म्हणजे कुलाबा आणि सांताक्रूझ एकाच खोक्यात. त्या खोक्याला तापमान एक, आर्द्रता एक, वारा एक आणि पाऊसही एकच. खोक्याच्या आत कुठे काय झालं हे मॉडेलला माहीत नसतं आणि माहीत असणं शक्यही नसतं.

पण खोक्याच्या आतले ढग मॉडेलने नुसते सोडून दिले तरी चालत नाही. गरम, दमट हवा जमिनीजवळून उसळून पंधरा-सोळा किलोमीटरपर्यंत जाते, वाटेत वाफेचं पाणी होतं, उष्णता बाहेर पडते. उष्ण कटिबंधातली सगळी यंत्रणा या उष्णतेवर चालते, आपला मान्सूनसुद्धा. या उभ्या उसळीला कन्व्हेक्शन म्हणतात. शाळेच्या पुस्तकात याला 'अभिसरण' म्हटलेलं असतं, पण तो शब्द रक्तालाही लावतात आणि वाऱ्यांनाही, त्यामुळे मी इथे कन्व्हेक्शनच म्हणते. तर, जे खोक्यात दिसत नाही त्याचा परिणाम खोक्याच्या सरासरी आकड्यांवरून ठरवायचा, या उद्योगाला पॅरामीटरायझेशन म्हणतात. काही लोक त्याला 'जुगाड' म्हणतात. मीही पहिल्या वर्षी म्हणायचे.

सुरुवातीची मॉडेल्स सुखी होती, कारण ती कोरडी होती. नॉर्मन फिलिप्स यांनी १९५६ मध्ये प्रिन्स्टनला दोन थरांचं मॉडेल चालवून वातावरणाचं जागतिक अभिसरण (बघा, आलाच तो शब्द) पहिल्यांदा संगणकावर दाखवलं. त्यात पाण्याची वाफ नव्हती, त्यामुळे ढगांची कटकटही नव्हती. खरी अडचण पुढे आली, जेव्हा जोसेफ स्मॅगोरिन्स्की यांच्या गटाने मॉडेलमध्ये पाणी घालायचं ठरवलं. या कामासाठी त्यांनी १९५८ मध्ये टोकियोहून एका तरुण संशोधकाला बोलावून घेतलं. त्याचं नाव स्युकुरो मानाबे. होय, २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले तेच मानाबे.

मॉडेलमध्ये वाफ घातली की काय होतं? खालची हवा गरम-दमट, वरची थंड, म्हणजे अस्थिर स्थिती. निसर्गात ही अस्थिरता किलोमीटरभर रुंदीच्या ढगांतून मोकळी होते. मॉडेलमध्ये तेवढं लहान काही नसतंच. त्या काळी खोकं सुमारे ५०० किलोमीटरचं होतं, त्यामुळे एक अख्खं खोकंच ढग असल्यासारखं वर उसळायला बघायचं आणि गणित कोलमडायचं. मानाबेंनी यावर काढलेला तोडगा इतका साधा आहे की पहिल्यांदा वाचताना मला वाटलं माझंच काहीतरी वाचायचं राहिलंय. उंचीनुसार तापमान एका ठरावीक उतारापेक्षा जास्त वेगाने घसरायला लागलं, की स्तंभातली एकूण ऊर्जा तेवढीच ठेवायची आणि तापमानाची रेषा उचलून परत त्या उतारावर आणून ठेवायची. झालं. १९६४ मध्ये स्ट्रिकलर यांच्याबरोबर केलेल्या एका स्तंभाच्या मॉडेलमध्ये हा उतार किलोमीटरला ६.५ अंश होता. १९६५ च्या त्रिमितीय मॉडेलमध्ये दमट हवेसाठी तीच युक्ती थोड्या सुधारित रूपात आली. जास्तीची वाफ पाणी होऊन लगेच खाली पडायची. किरणांच्या हिशेबासाठी लागणारे ढग मॉडेल बनवत नव्हतं, ते निरीक्षणांच्या सरासरीवरून आधीच भरलेले होते. म्हणजे या मॉडेलमध्ये पाऊस पडत होता, पण तो पाडणारा ढग कुठेच नव्हता!

तुम्ही म्हणाल, हा तर सरळ सरळ जुगाड. पण १९६७ मध्ये मानाबे आणि वेदराल्ड यांनी याच युक्तीवर उभ्या असलेल्या एका स्तंभाच्या मॉडेलने विचारलं, की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर जमिनीजवळचं तापमान किती वाढेल? सापेक्ष आर्द्रता स्थिर धरून उत्तर आलं सव्वादोन अंशांच्या आसपास. आज आपण जो पट्टा मानतो त्याच्या खालच्या टोकाजवळचंच हे उत्तर आहे. ढग नसलेल्या मॉडेलचं! इथे जरा थांबा आणि हे डोक्यात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीत ढग वाढत जातात आणि खात्री मात्र त्या प्रमाणात वाढत नाही.

दरम्यान, संगणकाशी फारसा संबंध नसलेले काही लोक खऱ्या ढगांच्या मागे लागले होते. १९४७ मध्ये हेन्री स्टॉमेल यांनी एक छोटा पेपर लिहिला. हे खरं तर समुद्रशास्त्रज्ञ. विमानातून ढगात शिरून घेतलेली मापं त्यांच्यासमोर होती आणि ढगातली हवा पुस्तकी गणितापेक्षा थंड निघत होती. त्यांनी म्हटलं, ढग वर चढताना बाजूची कोरडी हवा आत ओढून घेतो आणि पातळ होत जातो. या ओढून घेण्याला एन्ट्रेनमेंट म्हणतात. कढीत पाणी घालत गेल्यासारखं समजा. किती पाणी घातलं यावर ढग किती उंच जाणार ते ठरतं. हा आकडा पुढे परत येणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

मग १९५८ मध्ये हर्बर्ट रील आणि जोअ‍ॅन माल्कस यांनी एक विचित्र हिशेब मांडला. (माल्कस म्हणजेच पुढच्या जोअ‍ॅन सिम्प्सन. हवामानशास्त्रात पीएचडी मिळवणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या महिला, १९४९, शिकागो विद्यापीठ.) विषुववृत्ताजवळ मधल्या उंचीवरच्या हवेत ऊर्जा सर्वांत कमी असते. मग खालची ऊर्जा हळूहळू, सगळीकडून सारखी वर जाते असं म्हणता येत नाही, कारण मधल्या गरीब थरातून जाताना ती तिथेच वाटली गेली असती. त्यांचं उत्तर होतं की वर जाणारी हवा मोजक्या उंच मनोऱ्यांतून जाते. हे ढग इतके जाड असतात की त्यांच्या गाभ्याला बाहेरची हवा लागतच नाही. त्यांनी त्यांना 'हॉट टॉवर' म्हटलं आणि हिशेब केला की कुठल्याही क्षणी पृथ्वीभोवतीच्या त्या अख्ख्या पट्ट्यात असे १,५०० ते ५,००० मनोरे पुरेसे आहेत. म्हणजे क्षेत्रफळाने नगण्य आणि कामाने सगळं. जे सर्वांत लहान, मॉडेलला न दिसणारं, तेच सर्वांत महत्त्वाचं ठरलं.

आता प्रश्न असा की मॉडेलमध्ये हे मनोरे किती आणि कधी उभे करायचे? १९६५ मध्ये शिकागोच्या एच. एल. कुओ यांनी सरळ उत्तर दिलं: खोक्यात चारही बाजूंनी जेवढी वाफ येऊन जमते त्या प्रमाणात. त्यांचा विषय चक्रीवादळांचा होता आणि तिथे हे पटण्यासारखं होतं. पद्धत स्वस्त होती, चालत होती. युरोपियन सेंटरच्या अंदाजांसाठी १९७९ पासून दहा वर्षं कुओचीच पद्धत वापरात होती. पुढे १९९० च्या दशकात केरी इमॅन्युएल आणि इतरांनी तिच्यावर कडक टीका केली. त्यांचं म्हणणं मी आपल्या भाषेत सांगते. गाडीभोवती गर्दी आहे म्हणून तिथे वडापाव तळले जातायत, की वडापाव तळले जातायत म्हणून गर्दी जमलीय? ढग उसळला की खालून हवा ओढली जाते, म्हणून वाफ जमते. तुम्ही परिणामालाच कारण म्हणताय. मला व्यक्तिशः ही टीका पटते, पण म्हणून कुओंना नावं ठेवायची नाहीत. त्यांनी निदान एक स्पष्ट, तपासता येईल असं विधान केलं होतं.

आणि आता माझा लाडका भाग. अकिओ अराकावा जपानच्या हवामान खात्यातून १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला यूसीएलएमध्ये आले, ते येल मिंट्झ यांच्याबरोबर जागतिक मॉडेल बांधायला. मॉडेल बांधता बांधता कन्व्हेक्शनच्या प्रश्नाने त्यांना धरलं ते आयुष्यभर सोडलं नाही. १९७४ मध्ये त्यांनी आपला पीएचडीचा विद्यार्थी वेन शुबर्ट याच्याबरोबर एक २८ पानी पेपर छापला. तो पेपर मी तीनदा अर्धवट सोडला. चौथ्यांदा एका सीनिअरने सांगितलं, "समीकरणं नंतर वाच, आधी फक्त हे शोध की हे लोक नेमकं काय गृहीत धरतायत." तसं वाचलं आणि पेपर उघडत गेला.

पहिली गोष्ट. पाऊस पाडणारा ढग आजूबाजूची हवा तापवतो कसा? सहज मनात येणारं उत्तर म्हणजे ढगातली गरम हवा बाहेर मिसळते. अराकावा आणि शुबर्ट म्हणतात, मुख्य कारण ते नाही. ढगांतून जेवढी हवा वर गेली तेवढी ढगांमधल्या मोकळ्या जागेतून खाली बसते, आणि खाली येताना दाबली जाऊन तापते. पाणी एकीकडे पडतं, तापमान दुसरीकडे वाढतं. दुसरी गोष्ट, खोक्यात एक ढग नसून ढगांचा अख्खा कळप आहे. कोणी बुटका, कोणी उंच. कोण किती बाहेरची हवा ओढतो (आठवा, स्टॉमेल) यावरून त्यांचे प्रकार पाडायचे.

तिसरी गोष्ट म्हणजे पेपरचा जीव. ढग किती, हे ठरवायचं कशावरून? इथे समीकरणं कमी आणि अज्ञात राशी जास्त अशी स्थिती असते. तेव्हा एक गृहीतक घालून हिशेब बंद करावा लागतो, त्याला क्लोजर म्हणतात. त्यांचं क्लोजर समजायला मंगल कार्यालयाचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. पन्नास कुकर लागलेत. कुठल्या कुकरची शिट्टी कोणत्या सेकंदाला होईल हे कोणीही सांगू शकत नाही. पण गॅस किती मोठा आहे हे माहीत असेल तर दहा मिनिटांत एकूण किती शिट्ट्या होतील हे बऱ्यापैकी सांगता येतं, कारण आच वाफ साठवते, शिट्टी ती लगेच सोडते आणि आतला दाब जवळजवळ तेवढाच राहतो. इथे आच म्हणजे मोठ्या प्रमाणावरचे वारे, ऊन आणि समुद्रावरून येणारी वाफ. ही हळू बदलते. शिट्ट्या म्हणजे ढग, ते तासाभरात येऊन जातात. हळू साठणारं आणि झटकन मोकळं होणारं यांचा जवळजवळ तोल असतो, हे त्यांचं गृहीतक. त्याला क्वासी-इक्विलिब्रियम म्हणतात. दाबाच्या जागी त्यांनी ढगाला मिळू शकणाऱ्या उसळीच्या कामाचं एक माप घेतलं, क्लाऊड वर्क फंक्शन.

हे मी इतकं लांबवून सांगतेय त्याला कारण आहे. इथून पुढे पॅरामीटरायझेशन म्हणजे नुसती डागडुजी उरली नाही. ढग मोठ्या प्रवाहाच्या किती ताब्यात आहेत, असा निसर्गाबद्दलचा प्रश्न त्यातून उभा राहिला. आणि असा प्रश्न निरीक्षणांनी तपासता येतो. १९७३ मध्येच मिचिओ यानाई आणि सहकाऱ्यांनी पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांवरून १९५६ च्या एप्रिल ते जुलैमध्ये सोडलेल्या बलूनच्या नोंदी घेऊन कन्व्हेक्शन हवा किती तापवतं आणि किती वाळवतं ते उलट्या हिशेबाने काढून दाखवलं होतं. (त्याच महिन्यांत त्याच बेटसमूहात अमेरिकेच्या अणुचाचण्या चालू होत्या. आपल्या शास्त्राचा काही डेटा कुठल्या वातावरणात गोळा झालाय, हेही माहीत असावं.) पाठोपाठ १९७४ च्या उन्हाळ्यात अटलांटिकमध्ये डाकारजवळ गेट नावाची प्रचंड मोहीम झाली, चाळीसच्या आसपास जहाजं आणि डझनभर विमानं घेऊन. १९७९ मध्ये आपल्याकडे मॉनेक्स झाली.

कल्पना सुंदर, पण चालवायला महाग आणि किचकट. त्यामुळे पुढची वीस वर्षं तिच्या सोप्या आवृत्त्या काढण्यात गेली. १९९२ ची मूर्ती आणि सुआरेझ यांची आवृत्ती त्यातलीच. काहींनी वेगळे रस्तेही धरले. युरोपियन सेंटरमध्ये टीड्ट्के यांनी १९८९ मध्ये कुओची पद्धत बदलून स्वतःची आणली. १९९३ मध्ये त्यांनी ढगांचं पाणी आणि ढगांनी व्यापलेला भाग हे मॉडेलने स्वतःच पायरी-पायरीने काढत जावं अशी सोयही केली. आता ढग खरोखर 'मॉडेलचे' झाले.

आणि इथेच गोष्ट फिरते. १९७९ मध्ये चार्नी समितीने उपलब्ध मॉडेल्स बघून सांगितलं होतं की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमानवाढ १.५ ते ४.५ अंश असेल. दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, रॉबर्ट सेस आणि सहकाऱ्यांनी १४ जागतिक मॉडेल्सना एकच परीक्षा दिली. निरभ्र आकाशाचा हिशेब सगळ्यांचा जवळपास सारखा आला. ढग घेतल्यावर मात्र मॉडेल्सच्या उत्तरांत तिपटीचा फरक! म्हणजे ढगांची कारागिरी जितकी वाढली तितकं एकमत वाढलं नव्हतं. १.५ ते ४.५ हा पट्टा तर पुढे कित्येक दशकं जवळजवळ तसाच राहिला. २०२१ च्या आयपीसीसी अहवालात तो २.५ ते ४ वर आला, तोही मुख्यतः निरीक्षणं, भूतकाळातली हवामानं आणि ढगांच्या प्रक्रियांचा अभ्यास एकत्र जोडून.

२००५ मध्ये ब्रिटनमधल्या एका गटाने आणखी एक खेळ केला. लोकांच्या घरच्या संगणकांवर एकच मॉडेल हजारो वेळा चालवलं, दर वेळी काही आकडे थोडे बदलून. उत्तरं दोन अंशांच्या खालपासून अकरा अंशांच्या वरपर्यंत पसरली. कोणते आकडे जास्त हलवतात ते शोधलं, तर पहिल्या रांगेत कोण? एन्ट्रेनमेंट. स्टॉमेलची कढी. १९४७ चा प्रश्न, ५८ वर्षांनी, तिथेच.

आता माझी एक फजिती सांगते. दुसऱ्या वर्षी मी एका मॉडेलमधून महाराष्ट्रावरच्या पावसाचा दिवसभरातला आलेख काढला. पाऊस दुपारी बाराच्या सुमाराला सर्वांत जास्त. मे महिन्यातल्या वळवाचा अनुभव असलेला कुठलाही माणूस सांगेल की हे चूक आहे. गडगडाट सुरू होतो तो चारनंतर, कधी कधी थेट संध्याकाळी. मला वाटलं, मी ग्रीनिच वेळेत साडेपाच तास मिळवायला विसरले. कोड तपासला. मिळवले होते. मग वाटलं दोनदा मिळवले. तेही नाही. चार दिवस मी स्वतःच्या कोडमधली चूक शोधत होते. शेवटी सरांना दाखवलं तर ते हसले आणि म्हणाले, "अगं, चूक तुझी नाही, स्कीमची आहे. आणि जुनी आहे."

ऊन तापलं की क्वासी-इक्विलिब्रियमवर चालणारी पद्धत साठलेली ऊर्जा लगेच मोकळी करते, म्हणून भर दुपारी पाऊस. खरा ढग आधी बुटका असतो, आजूबाजूची हवा ओली करतो, मग त्याच्या खांद्यावर दुसरा चढतो, आणि यात तीन-चार तास जातात. मॉडेलला ही चढाई माहीत नसते. याच स्वभावामुळे बऱ्याच मॉडेल्समध्ये पाऊस वारंवार आणि रिमझिम पडतो, आणि खराखुरा मुसळधार कमी. २६ जुलै तर सोडाच.

या कोंडीला २००३ मध्ये रँडल, खैरुत्दिनोव, अराकावा आणि ग्राबोव्स्की यांनी एका पेपरच्या शीर्षकातच 'डेडलॉक' म्हटलं. चार लेखकांत अराकावा स्वतः आहेत, हे मला फार आवडतं. त्यांचा प्रस्ताव धाडसी होता: प्रत्येक मोठ्या खोक्यात ढग दाखवू शकणारं एक छोटं मॉडेल बसवा आणि तेच ढगांचा हिशेब देऊ दे. याला सुपरपॅरामीटरायझेशन म्हणतात. खर्च शेकडो पट. पुण्याच्या आयआयटीएममधल्या संशोधकांनी खैरुत्दिनोव यांच्याबरोबर हीच कल्पना मान्सूनच्या सीएफएस मॉडेलमध्ये बसवून २०१५ मध्ये निकाल छापले, म्हणजे हा इतिहास पाषाण रोडवरूनही जातो. नंतर २०१८ मध्ये रास्प, प्रिचर्ड आणि जेंटाईन यांनी अशा छोट्या मॉडेल्सचं वागणं न्यूरल नेटवर्कला शिकवलं. मशीन लर्निंगची ती वाट आज खूप गजबजली आहे. मी तिच्यावर इथे फार बोलणार नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

दुसरा रस्ता जपानने धरला: खोकंच लहान करा. योकोहामाच्या अर्थ सिम्युलेटरवर २००५ मध्ये निकाम नावाचं मॉडेल ३.५ किलोमीटरच्या जाळीवर चाललं, आधी फक्त पाण्याने झाकलेल्या काल्पनिक पृथ्वीवर आणि मग खऱ्या पृथ्वीवर. कन्व्हेक्शनचं पॅरामीटरायझेशन त्यात नव्हतंच. २०१९ मध्ये डायमंड या प्रकल्पात जगभरच्या नऊ मॉडेल्सनी १ ऑगस्ट २०१६ पासूनचे ४० दिवस पाच किलोमीटरपेक्षा बारीक जाळीवर चालवून दाखवले. चित्रं बघाल तर उपग्रहाचा फोटो कोणता आणि मॉडेल कोणतं ते पटकन ओळखू येत नाही.

तर मग माझ्या ज्युनिअरचं म्हणणं बरोबर निघालं का?

परत मंगल कार्यालयात चला. पन्नास कुकर असतात तोवर सरासरी चालते. जाळी बारीक करत गेलात की एका खोक्यात तीन कुकर येतात, मग एक, मग अर्धा. अर्ध्या कुकरच्या सरासरी शिट्ट्या काय मोजणार? ढग धड दिसतही नाही आणि धड कळपही राहिलेला नाही. दहा किलोमीटरपासून खाली एक-दोन किलोमीटरपर्यंतच्या या मधल्या पट्ट्याला 'ग्रे झोन' म्हणतात. आणि आपण नेमके आज तिथे आहोत. मे २०२५ मध्ये सुरू झालेली, आयआयटीएमने घडवलेली भारत फोरकास्ट सिस्टिम ६ किलोमीटरच्या जाळीवर चालते. १०० किलोमीटरसाठी लिहिलेली गृहीतकं इथे जशीच्या तशी लागू होत नाहीत. खोक्याच्या आकारानुसार स्वतःला आवरतं घेणारी पद्धत कशी लिहायची, हा आजचा जिवंत प्रश्न आहे. अराकावांनी शेवटच्या वर्षांत काम केलं तेही याच प्रश्नावर. २०२१ मध्ये ते गेले.

आणि समजा, एक किलोमीटरवर पोचलो. उंच ढग दिसायला लागतील, ठीक. पण समुद्रावरचे बुटके कापसासारखे ढग काहीशे मीटरचेच असतात, आणि हवामानबदलाच्या अंदाजातली मोठी अनिश्चितता या बुटक्या ढगांतच आहे. त्यांच्या आतले थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. थेंब थेंबाला कधी चिकटतो, बर्फ कधी होतो, हे सगळं तेव्हाही गृहीतकांनीच भरावं लागणार. शिवाय एक किलोमीटरवर शंभर वर्षं चालवायला लागणारी यंत्रणा आणि वीज किती जणांना परवडेल? मोठमोठे एन्सेम्बल, हजार वर्षांची हवामानं, विद्यापीठातल्या मुलांचे प्रयोग हे सगळं पुढेही जाड जाळीवरच होत राहणार, असा माझा अंदाज आहे. माझ्या ओळखीतले काही जण याच्याशी सहमत नाहीत, आणि मुलाखतीत पॅनेलवर त्यांच्यासारखं कोणी असलं तर वाद घालायची तयारी ठेवून जा.

जाता जाता वाचनाचं एक. या विषयातला कुठलाही पेपर हातात घेतला की मला सीनिअरने सांगितलं तेच करा: ढग सुरू कधी होतो, किती होतो आणि वाटेत बाहेरची हवा किती पितो, या तिन्हींबद्दल लेखकांनी काय गृहीत धरलंय त्या ओळी आधी शोधा. बऱ्याचदा त्या पुरवणीत किंवा एखाद्या तक्त्याच्या तळटीपेत दडलेल्या असतात.

त्या ज्युनिअरला मी परवा परत फोन केला आणि हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे ताई, तुमचा दुपारचा पाऊस सुटला का?" अर्धा सुटला. एन्ट्रेनमेंट आजूबाजूच्या आर्द्रतेनुसार बदलू दिल्यावर महाराष्ट्रावरचा पाऊस बारावरून साडेतीनपर्यंत सरकला. पण त्याच रनमध्ये बंगालच्या उपसागरावरचा पाऊस अचानक कमी झाला. का ते अजून कळलेलं नाही. सध्या तिथेच अडकले आहे.